हिरवा चहा आणि राहून गेलेलं ‘येतो’

आमच्या घरातून आजवर कुणी ‘जातो’ म्हणून बाहेर पडलेलं नाही. आमचे हे पडूच देत नाहीत. हे म्हणजे बाळाराम, माझे मालक. पूर्णा गावात बाळारामशेठचं घर विचारा, कुणीही दाखवील, आणि वर हेही सांगेल, की चहा प्यायल्याशिवाय सुटका नाही आणि निघताना ‘येतो’च म्हणायचं. एखादा चुकून ‘जातो’ म्हणाला की ह्यांचा चेहरा उतरतो. त्याला हाताला धरून परत आत आणतात, खुर्चीवर बसवतात आणि पुन्हा उठायला लावतात. ‘हां, आता नीट बोल.’

एकदा यूपीचा एक ट्रकवाला पत्ता विचारायला आला होता. चहा पिऊन उठला आणि म्हणाला, ‘अच्छा सेठ, जाता हूँ.’ झालं! ह्यांनी त्याला दारातून मागं बोलावलं. ‘जाता हूँ नहीं बोलने का. आता हूँ, बोल.’ तो बावचळला. म्हणाला, ‘सेठ, कल नहीं आ पाऊँगा, कल राजकोट का माल है.’ हे म्हणतात, ‘कल कौन बोला? खाली आता हूँ बोल.’ त्या बिचाऱ्यानं म्हटलं आणि जी धूम ठोकली, की ट्रकपाशी पोचेपर्यंत मागं बघितलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. पण ह्यांना वाटतं, ‘जातो’ म्हणून गेलेला माणूस खरंच जातो.

एकाच घरी हे ‘येतो’ म्हणत नाहीत, ते म्हणजे मयताचं घर. तिथून गपचूप उठायचं, चालू लागायचं, मागं वळायचं नाही. घरच्यांनीही सोडायला दारात यायचं नाही. ह्या बाबतीत हे फार कडक. गावात कुणी गेलं की पहिली हाक ह्यांना. त्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते, आणि रडून रडून बसलेल्या माणसाच्या तोंडात दोन घास जबरदस्तीनं घालावे लागतात. कडू घास म्हणतात त्याला. तो भरवायलाही हेच. एवढा मोठा राकट हात, पण असा अलगद पुढं करतात की कुणी नाही म्हणत नाही. हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढं जो घोळ झाला तो ह्याच्यापायीच झाला.

आमची करिष्मा बीकॉम झाली आणि गावातल्याच एका जपानी कंपनीच्या गोडाऊनमध्ये लागली. आज तिथं फोर्कलिफ्ट पळतात, पण माझ्या सासऱ्यांच्या वेळी तिथं भात डोलायचं. पोरगी हुशार. मोबाईलवर ऐकून ऐकून जपानी बोलायला शिकली. कंपनीनं तिला वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी जपानला जायला निवडलं. राहायची सोय तिच्या जपानी साहेबांच्या आईच्या घरी. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. पासपोर्ट तयार, मी तयार, पोरगी तर कधीची तयार. पण ती म्हणाली, ‘पप्पा हो म्हणाले तरच मी जाणार.’ आणि पप्पा हो म्हणेनात की नाही म्हणेनात. नुसतं ‘बघू’. जेवताना बघू, दाढी करताना बघू. मला असा संताप आला होता!

‘अहो, बघायचंय काय त्यात?’ मी एकदा विचारलंच. ‘आपल्या शेजारच्या दीपेशची पोरगी लग्न होऊन गेली तेव्हा नाही बघू-बघू केलंत.’

‘ती बाजूच्या कोन गावात गेली,’ हे म्हणाले. ‘रिक्षा केली का दारात. हितं मधी अख्खा समुदर हाय, सुवर्ना. ती परत न्हाय आली तर मी कुटं हाक मारू?’

समुद्राची धास्ती मलाही होती. पण पोरीचं तोंड बघितलं की वाटायचं, जाऊ दे बाई, हिचे दिवस आहेत.

साहेबांची आई, फुमिकोबाई, तेव्हा मुलाकडे पाहुणी म्हणून आली होती. पोरीला जिच्या घरी राहायचं, ती हीच. तिनं करिष्माकडून निरोप धाडला, की रविवारी तुझ्या आईवडिलांना चहाला घेऊन ये. चहा म्हटल्यावर ह्यांची कळी खुलली. चहा म्हणजे ह्यांचा विषय. म्हणाले, ‘मानसाचं घर त्याच्या चावरून कलतं. चा पितो आन् सांगतो, हो का न्हाय ते.’

म्हणजे माझ्या लेकीचं नशीब एका कपात येऊन पडलं. आता बोला!

रविवारी हे पांढराशुभ्र शर्ट घालून, गळ्यात चेन घालून तयार झाले. हातात पिशवी. मी हुंगून बघितलं तर सुके बोंबील! ‘जपानी मानसं मच्छी खातात, मला म्हाईत हाय,’ म्हणाले. मी म्हटलं, पहिल्या भेटीला कुणी बोंबील नेतं का, लाज काढाल पोरीची. शेवटी पिशवी गाडीतच ठेवायची असं ठरलं. ह्यांनी वाटभर तोंड फुगवलं होतं.

गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर त्या बाईनं एक खोली मांडली होती. दाराबाहेर पाण्याची दगडी कुंडी, त्यावर बांबूची लांब दांड्याची पळी. करिष्मानं आम्हाला शिकवलं, हात धुवा, चूळ भरा, मग आत चला. मी हात धुतले. हे माझ्याकडे बघतच राहिले. ‘चूळ कशाला? आपन कुटून आलोय?’ मी डोळ्यांनी दटावलं तेव्हा कुठं चूळ भरली. आमच्याकडे मयतावरून आल्यावर असं बाहेरच तोंड धुतात, मला ते तेव्हा सुचलं नाही, ह्यांना मात्र सुचलं होतं.

दारावर बांबूचा पडदा एवढा खाली सोडलेला, की वाकल्याशिवाय आत जाता येईना. आत अंधुक उजेड. पंखा बंद, भर उन्हाळ्यात! खुर्ची नाही, टेबल नाही, नुसत्या चटया. भिंतीवर एक लांब कागद, त्यावर काळ्या शाईची अक्षरं, आणि खाली एका बारक्या भांड्यात तगरीचं एकच पांढरं फूल. कोपऱ्यात मातीच्या शेगडीत कोळसे, वर लोखंडी किटली, आणि कुठून तरी चंदनाच्या धुपाचा वास. फुमिकोबाई राखी रंगाच्या लांब अंगरख्यात, गुडघे मोडून बसली होती. गळ्यात काही नाही, हातात काही नाही. आम्हाला बघून तिनं चटईला कपाळ टेकेल इतकं वाकून नमस्कार केला. तोंडातून शब्द नाही.

आमच्याकडे पाहुणा आला की ‘या या, बसा, उन्हाचे आलात, पाणी घ्या’ असा गलका होतो. इथं सगळं चिडीचूप. मी तिच्यासारखी गुडघे मोडून बसले, लगेच पायाला मुंग्या आल्या. हे मांडी घालून बसले आणि भिंतीवर काहीतरी शोधायला लागले. मला कोपरानं ढोसून कुजबुजले, ‘फोटो कुटं हाय?’

‘कसला फोटो?’

ह्यांनी मान हलवली. मला काही कळेना.

मग बाईनं एक डबी घेतली आणि रुमालानं पुसली. मग एक चमचा पुसला. मग वाडगा धुतला आणि पुसला. बाई गं, सगळं आधीच चकाचक होतं! रुमाल घडी करायची, उलगडायची, परत घडी करायची. बाहेर कंटेनर मागं घेताना भोंगा वाजत होता, आत किटली सूं सूं करत होती, आणि ह्या बाईचे हात थांबत नव्हते. मला उगाच माझी थोरली जाऊ आठवली. भाऊजी गेले त्या आठवड्यात ती अशीच पुसलेली भांडी पुसत बसायची. माझ्याही मनात पाल चुकचुकली. पण मी स्वतःलाच म्हटलं, गप बस, सुवर्णा, चहाला आली आहेस.

करिष्मानं आमच्यापुढं कागदावर एकेक मिठाई ठेवली, पांढरी, बोटभर. ‘आधी हे खायचं,’ ती हळूच म्हणाली. मी खाल्ली. ह्यांनी अर्धी खाऊन अर्धी ठेवली, चहाबरोबर खायची ह्यांची सवय. बाईच्या पुढं मात्र काहीच नव्हतं. तिनं डबीतून हिरवी पूड वाडग्यात घातली, वरून पाणी ओतलं आणि बांबूच्या बारक्या रवीनं घुसळायला लागली. दूध नाही, साखर नाही, आलं नाही. वाडगा ह्यांच्यापुढं आला तेव्हा वर हिरवा फेस होता, विहिरीवर शेवाळ धरतं तसा. करिष्मानं खुणेनं दाखवलं, वाका, वाडगा उचला, हातात फिरवा, मग प्या. ह्यांनी कुठल्या बाजूला फिरवायचा ह्यातच दोन फेऱ्या जास्त मारल्या आणि एक घोट घेतला.

ह्यांचं तोंड असं झालं की मला हसू आवरेना. पण हे हसले नाहीत. डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘अगो, हा कडू घास हाय.’

‘काय?’

‘भायेर तोंड धुवायला लावलं. येताना कोन बोलला न्हाय. पांढरा फूल. चात साखर न्हाय. आन् बघ, ती सवता कायच खात न्हाय.’ हे माझ्या कानाशी वाकले. ‘कोन गेला गो हिचा?’

मघाशी हे भिंतीवर गेलेल्याचा फोटो शोधत होते, ते मला आत्ता कळलं. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मलाही ते पटलं. त्या बाईची खाली घातलेली मान, राखी कपडे, ते मोकळे हात. मी करिष्माकडे बघितलं तर ती डोळे वटारून आम्हाला गप बसा म्हणत होती.

हे गप कसले बसतात! ह्यांनी तो हिरवा चहा डोळे मिटून तळापर्यंत प्यायला, कडू घासाला नाही म्हणायचं नसतं म्हणून. मग गुडघ्यांवर सरकत सरकत पुढं गेले, कागदावरची उरलेली अर्धी मिठाई उचलली आणि फुमिकोबाईच्या तोंडापुढं धरली.

‘खा, बाई,’ हे म्हणाले. ‘जानारा गेला. तुमी न्हाय खाल्लात तर कसा चालंल? एक घास खा.’

‘पप्पा!’ करिष्मा किंचाळलीच. मला वाटलं, आता चटई दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. नोकरी गेली, जपान गेलं, सगळं गेलं. फुमिकोबाई त्या हाताकडे बघत राहिली. मग ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. हे तसेच, हात पुढं करून. आणि त्या बाईनं हळूच तोंड उघडलं आणि घास घेतला.

चावता चावता तिचे डोळे भरले, की मला तसं वाटलं, देव जाणे. धुरानंही भरले असतील. मग ती जपानीत काही तरी बोलली, हळू, थांबत थांबत. करिष्मानं आम्हाला मराठीत सांगितलं. ‘त्या म्हणतात, आजची ही भेट एकदाच. हीच माणसं, हाच चहा, असं पुन्हा कधी होणार नाही. म्हणून त्या मनापासून करतात.’

‘खरं हाय,’ हे म्हणाले. उठले. हात जोडले आणि ‘येतो’ न म्हणता, मागं न बघता, पडद्याखालून वाकून चालू लागले. मी मुंग्या आलेला पाय ओढत मागं.

जिन्यातच करिष्मानं आम्हाला गाठलं. रागानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘पप्पा, कुणी नाही मेलेलं! चहाची पद्धत आहे त्यांची!’

‘पद्धत मला शिकवतंस? चात साखर न्हाय ही कुटली पद्धत? आन् सवता तिनं ऐकवलं ना, परत कदी होनार न्हाय?’ हे गाडीत बसले. ‘जिच्या घरात परत न्हाय असं बोलतात, तिच्या घरात मी पोर पाठवनार न्हाय. न्हाय म्हनजे न्हाय.’

संपलं. इतक्या दिवसांच्या ‘बघू’ला उत्तर आलं आणि ते हे असं. करिष्मा मागच्या सीटवर खिडकीला डोकं लावून बसली. आम्ही नक्की कुठं जाऊन आलो, चहाला का मयताला भेटायला, हेच माझं मला ठरवता येईना.

गाडी गेटातून बाहेर पडली आणि कंटेनरांच्या रांगेत अडकली. ह्यांनी आरशात बघितलं. परत बघितलं.

‘ही बाहेर का आली?’

मी मान वळवली. गोडाऊनच्या गेटात, उन्हात, फुमिकोबाई उभी होती. दोन्ही हात पुढं जुळवलेले. हलत नव्हती.

‘पाहुणा दिसेनासा होईपर्यंत त्या अशाच उभ्या राहतात,’ करिष्मा नाक ओढत म्हणाली. ‘तीपण पद्धतच आहे.’

ह्यांनी आरसा बोटानं पुसला. मग म्हणाले, ‘मयताच्या घरचं कोन सोडायला येत न्हाय.’

‘तेच तर सांगतेय मघापासून!’

‘म्हनजे कोन गेला न्हाय?’

‘नाही हो, पप्पा!’

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ‘अरे देवा. आन् मी जित्याजागत्या घरातून येतो न बोलता आलो!’

गाडी तिथंच टाकून हे खाली उतरले. मागच्या कंटेनरवाल्यानं हॉर्न दिला, हे ऐकतायत कुठं! बोंबलाची पिशवी काखेत मारली आणि भर उन्हात गेटाकडे निघाले. आम्ही दोघी मागं पळालो. ह्यांनी फुमिकोबाईच्या हातात पिशवी दिली आणि मोठ्यानं म्हणाले, ‘येतो.’

ती वाकली. हे थांबले. आमच्याकडे पाहुणा ‘येतो’ म्हणाला की घरच्यानं ‘या’ म्हणायचं असतं, तेव्हा पाऊल उचलायचं. तिला काय माहीत? ती परत वाकली. हे परत म्हणाले, ‘येतो, बाई.’ ती आणखी खाली वाकली. ह्यांना ‘या’ ऐकल्याशिवाय निघता येईना, आणि पाहुणा समोर उभा असताना तिला आत जाता येईना. उन्हात दोघं एकमेकांसमोर खांबासारखे उभे. कंटेनरांचे हॉर्न वाजतायत, वॉचमन शिट्टी मारतोय, बोंबलाचा वास सुटलाय. मी हसू की रडू?

‘मघाशी तुमी बोललात परत होनार न्हाय,’ हे तिला म्हणाले. ‘ते मला पटलं न्हाय. परत व्हायला पायजे. माझी पोर तुमच्याकडे येनार, ती परत यायला पायजे. तुमीपन यायचं. सांग गो तिला, करिष्मा.’

करिष्मानं सांगितलं. बाईनं नीट ऐकून घेतलं आणि मग इतकं बोलली, इतकं बोलली, की मला वाटलं आता संध्याकाळ होते. करिष्मा एवढंच म्हणाली, ‘त्या म्हणतात, या.’ एवढं लांबलचक बोलणं तिनं एका अक्षरात कसं आणलं, ते मला अजून कळलेलं नाही. पण फुमिकोबाईनंही मागोमाग, करिष्माकडे बघत, चाचरत म्हटलं, ‘या.’

हे निघाले. गाडीत बसेपर्यंत तीनदा मागं वळून बघितलं. ती तिथंच. वळणावर आल्यावर ह्यांनी घसा खाकरला. ‘परक्या मानसासाठी उनात एवढा वेल उभी राहते,’ म्हणाले. ‘तुज्यासाठी न्हाय राहनार? उद्याच सांग त्यांना. जाऊन ये.’

करिष्मानं मागून गळ्याला मिठी मारली, तेव्हा गाडी गटारात जाता जाता वाचली.

ती निघाली त्या सकाळी अर्धी आळी आमच्या अंगणात होती. पोरगी सगळ्यांच्या पाया पडली, माझ्या गळ्यात पडली, ह्यांच्या पाया पडली आणि तिचा कंठ असा दाटला, की तोंडातून शब्द फुटेना. तशीच कंपनीनं धाडलेल्या गाडीत बसली. दार लागलं. गाडी निघाली. न बोलता गेली, मयताच्या घरातून जातात तशी.

हे अनवाणी धावले. ह्या वयात, ह्या पोटानं, गल्लीच्या टोकापर्यंत धावले आणि गाडीवर थाप मारली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवत गाडी दारापर्यंत मागं घेतली.

‘उतर,’ हे म्हणाले.

‘पप्पा, फ्लाइट...’

‘उतर. चा पी.’

ती आत आली. मी दिलेला चहा तिनं उभ्यानंच प्यायला, निम्मा चहा आणि निम्मी आसवं. हे दारात वाट अडवून उभे. ‘आता बोल.’

‘येते, पप्पा.’

‘ये,’ हे म्हणाले आणि बाजूला झाले.

गाडी गेली. लोक आपापल्या घरी गेले. हे मात्र रस्त्यात उभे, दोन्ही हात पुढं जुळवून, कमरेत किंचित वाकून, त्या बाईसारखे. मी बाजूला जाऊन म्हटलं, ‘अहो, चला आत. गाडी कधीच वळली.’ समोर कंटेनरांच्या रांगेशिवाय काहीही नव्हतं.

‘तू जा,’ हे म्हणाले. ‘मला अजून दिसतंय.’

मी गेले नाही. मीपण तिथंच उभी राहिले.